कौसल्याबाईंचा झोपेचा पट्टा

कळंबच्या कौसल्याबाईंचं एकच रडगाणं, "रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाय." शेवटी सून मेघना त्यांना झोप मोजणारं यंत्र घ्यायला बारामतीला घेऊन गेली.

दुकानदारानं आधी अंगठी दाखवली. कौसल्याबाई भडकल्या, "धार काढताना गाईच्या सडाला लागंल की!" मोठं घड्याळ बादलीच्या कडीत अडकलं असतं. म्हणून त्यांनी मऊ रबरी पट्टाच मनगटाला बांधून घेतला.

दुसऱ्या सकाळी मेघनानं मोबाईल बघितला. "आत्याबाई, झोप तर चांगली गाढ लागलीया तुमाला!"

कौसल्याबाईंना हायसं वाटलं. आजाराची धास्तीच गेली. पट्टा सोडत त्या म्हणाल्या, "आता ह्यो तुझ्या सासऱ्यास्नी बांध. झोप झाली न्हाय म्हणत पहाटंची धार रोज माझ्यावरच ढकलत्यात."