पंचनदरावांची मांडी

डॉक्टर पंचनदरावांचं पोट वर्गात आधी शिरायचं. डॉक्टर मागाहून, निम्मी हजेरी झाल्यावर. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत ते समोरून आले की ऑटोरिक्षा माघारी वळत, हे मी स्वतः पाहिलं आहे. विश्वास बसत नसेल तर पुढचं वाचू नका, कारण पुढचं याहून अवघड आहे.

मी सांगलीहून त्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला गेलो तो नव्वदीच्या दशकाचा मध्य. गावात केबल आली होती, रंगीत पेयांच्या बाटल्या आल्या होत्या, आणि दोन महिने उशिरा टपालाने एक नवी बातमीही आली: चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं. डॉक्टरांनी ते नियतकालिक पोटावरच उघडून ठेवलं. टेबलापेक्षा तिथं जागा जास्त होती.

"सांगलीकर, मजला वाटे हें कोठार आहे. ही तर कचेरी निघाली. इथून मेंदूस टपाल जातें."

पोट भरलं की तिकडच्या पंगतीत केळीचं पान स्वतःच्या बाजूला दुमडतात. पान दुमडलेलं दिसलं की वाढपी पुढे सरकतो. डॉक्टरांनी वर्गात लेप्टिन शिकवलं ते असं: "चरबी पान दुमडते. म्हणते, पोदुम, पुरे. पण माझ्यासारख्याच्या अंगात इतकीं पानें दुमडतात की मेंदू बघायचाच सोडतो. वाढपी आपला वाढतोच आहे."

मग आणखी लेख आले. हेच हार्मोन फार झालं की पांढऱ्या पेशींना चिथवतं आणि अंगात मंद दाह धुमसत राहतो. "शत्रू नाही, लढाई नाही, आणि फौज उभी," डॉक्टर गुडघे चोळत म्हणाले. "ती घरच्यांच्याच अंगावर जाते. भार तर आहेच, पण ही सूज पेटती ठेवण्यात ह्याचाही हात असणार." गुडघे तेव्हा सोललेल्या नारळाएवढे होते.

त्यातच मुलीचं, जानकीचं, लग्न ठरलं. मुहूर्ताला नवरी बापाच्या मांडीवर बसते आणि तिथंच मंगळसूत्र बांधतात, ही तिकडच्या जुन्या मराठी घरांतली रीत. डॉक्टर तालमीला भाताच्या पोत्यावर बसले, जानकी बसू गेली आणि घसरून थेट जमिनीवर आली. डॉक्टरांचं पोट गुडघ्यांपर्यंत पोचलेलं होतं.

"अप्पा, मांडी कुठे ठेवलीत?"

"काकाच्या मांडीवर बस गो," जानकीची आई रुक्माबाई म्हणाल्या. "चालतें तें."

डॉक्टरांनी त्या दिवशी ताटातला वडा तसाच ठेवला. मी घाबरलो. ताट सरकवून म्हणाले, "अक्षरें शिकली ती ह्या मांडीवर. शेवटचं बसणं तेवढं काकाने घ्यावं काय?"

लग्नाला सहा महिने होते. "मेंदू टपाल वाचीना, तर मी वाचतों," म्हणत ते दुसऱ्या वाढपालाच पान दुमडू लागले. सकाळी चालायला निघत. एकदा चालत पंचवीस किलोमीटरवरच्या पापनाशमला पोचले असं गावभर झालं. मीच त्यांना तिथून बसने परत आणलं. म्हणजे परत येणं तरी खरं. गुडघ्यांची सूज नारळावरून मोसंब्यावर आणि मोसंब्यावरून लिंबावर आली. पोट मागे हटलं तशी मांडी उगवली, हातरुमाल पसरावा एवढी.

मुहूर्ताला जानकी त्या हातरुमालावर बसली. गुडघे कुरकुरले असतील, पण नादस्वरापुढे कुणाला ऐकू येणार? डॉक्टरांनी डोळे मिटले होते. काका कोपऱ्यात उगाच धोतर सावरत उभा होता.

मग पंगत बसली. मी शेजारीच होतो. दुसऱ्या जांगिरीनंतर, म्हणजे तिकडच्या उडदाच्या जिलबीनंतर, डॉक्टरांनी पान दुमडलं. वाढपी आला, मंडपातल्या कुणाशी तरी बोलत, आणि न बघता डावभर पायसम त्या दुमडलेल्या पानावर ओतून पुढे गेला.

डॉक्टर ओघळाकडे पाहत राहिले. "बघितलंस, सांगलीकर? मेंदू." एक बोट पायसममध्ये बुडवून त्यांनी चाटलं, फक्त एकच, आणि जमिनीवरून उठले. हात न टेकता.