दोरीनं बांधलेली फळी

धाराशिवच्या कॉलेजची एसटी गाठायला मला रोज नावाडी काकांच्या होडीतून तलाव ओलांडावा लागतो. मला पोहता येत नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. काका फार बोलत नाहीत. निघताना "बसलीस? बस," एवढंच म्हणतात.

परवा त्यांनी होडीतल्या बसायच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या. मी बसले, तर नवी फळी हलली. वाकून पाहिलं, तर खिळे नव्हतेच, नुसती दोरी होती.

"काका, ही हलतीय."

"हलू दे. खिळ्याची फळी होडीसंगं बुडती. ही गाठ वढली की सुटती. उलटलोच तर छातीशी धरायची, सोडायची न्हाय."

होडी उलटेल असं फक्त मलाच वाटतं, असा माझा समज होता.

काकांची स्वतःची फळी मात्र खिळ्यांनी ठोकलेली होती.

"आन् तुमची?"

"वल्हं मारायला बूड घट्ट लागतं, बाई. आन् मला पवता येतं की."

मी मान हलवली. पण इतक्या दिवसांत मी त्यांना घोट्याच्या वर पाण्यात उतरलेलं पाहिलेलं नाही.

मधोमध आलो आणि वारा सुटला. मी एका हातानं गाठ धरली आणि दुसऱ्या हातानं काकांच्या सदऱ्याचं टोक.