बोटीवर आलेला राबाचा वास

सन १९३७. माझं वय एकोणीस. पयलंच सांगतो, भुताखेतावर माझा इश्वास नव्हता, आजबी न्हाई. वाडीत देवऋषी आला की मी उठून जातो. शाळा दुसरीपातूर झाली, पन खोटं लिवायला काय शिकलो न्हाई. ज्याला पटंल त्यानं वाचावं.

आमची वाडी राजगडाच्या बगलंला, गुंजवण्याच्या वरल्या अंगाला. तवा भोर संस्थान व्हतं. बा आदल्या सालीच गेलेला. घरात मी आन आई. एका कच्छी शेटच्या मोंबाशाच्या दुकानात मला राखणदाराची जागा मिळाली... आफ्रिकेत! सगळी तयारी झाली आन चैतात अवकाळी पडला. भाताच्या रोपासाठी वावरात शेन, पाला, गवत पसरून राब रचला व्हता, त्यो भिजला. वाळल्याबिगर भाजता येईना, आन राब न्हाई भाजला तर रोप कुठलं? पन बोट काय थांबती व्हय?

मी म्हनालो, "न्हाई जात."

आई म्हनाली, "मी भाजीन."

आमच्यात राबाला जाळ बाप्यानं लावायचा, बायांनी पाला वाहायचा. चुलता बांधावर बसून हसला. "वैनी, वावराशेजारची तुमची वैरनीची गंजी तेवडी सांभाळा. ती पेटली तर बैलं माज्या दारात बांधा, वैरन घालीन!"

आईनं त्याच्याकडं बघितलंबी न्हाई. मला म्हनाली, "तू नसरापूरची वाट धर. हितं ऱ्हायलास तर ह्यो जलमभर हसंल."

मुंबैच्या गोदीतनं बोट दुपारच्या आधी सुटली. ती दुपार अजून डोळ्यापुढं हाय. पत्र्याच्या पेट्या, दोरखंडाची वेटोळी, चटया टाकून बसलेली मानसं, कुनाच्यातरी खुराड्यात कोंबड्या. भोंगा वाजला तशी सगळी बोट थरारली, आन माझ्या बाजूला वळखीचं एक मानूस न्हाई. जमीन बारीक बारीक व्हत दिसंनाशी झाली तवा मनात पक्कं केलं... सकाळी पोरबंदर लागंल, तिथं उतरायचं आन माघारी जायचं. राब माझा मी भाजीन.

शेजारी महाडकडची एक बाई भावासंगं बसली व्हती, नवऱ्याकडं निघालेली. आमचा डोंगर उतरला की त्यांचा मुलूख. ऊन कलल्यावर ती येकदम म्हनाली, "दादा, राब कुनी भाजतंय का हो?"

माझ्या अंगावर काटा आला. कारन त्यो वास मला कवाचा येत व्हता, मीच नाक दाबून बसलो व्हतो. बोटीच्या कोळशाचा धूर मला कळतो. ह्यो शेनाचा, ऐनाच्या पाल्याचा धूर.

मग तोंडाला झळ लागाय लागली. राब वाऱ्याच्या उलट पेटवत्यात, म्हंजी जाळ सावकाश चालतो आन माती भाजती. ही झळ चालत नव्हती, पळत व्हती. वारा फिरला व्हता... कुठं, कुनाच्या वावरात, ते मला इचारू नका. मी उठून उभा ऱ्हायलो आन डोंगरात वरडतो तसा वरडलो, "आये, पुढनं लाव! गंजीकडनं लाव!" पळत्या जाळाच्या पुढनं दुसरा जाळ लावला की दोन्ही भिडत्यात आन जाग्यावर मरत्यात.

सगळा डेक माझ्याकडं बघाय लागला. बाईचा भाऊ हसत म्हनाला, "ह्याला बोट लागली. लिंबू द्या रं कुनी."

"गप ऱ्हा तू," बाई म्हनाली. "मलाबी वास येतोय."

झळ थांबली. दिवस मावळताना निराळाच वास आला, भाजल्या मातीचा. राब बरूबर भाजला की मागनं त्योच येतो. मी आन ती बाई त्यो घेत बसलो. मग नुसतं खारं वारं.

पाच वर्सांनी घरी आलो तवा ह्यातलं म्या काय सांगायच्या आधीच आईनं मला धारंवर धरलं. "बोटीत बसायचं सोडून माघारी कशाला आला व्हतास रं? वारा फिरला, जाळ गंजीकडं धावला, ह्यो तुजा चुलता नुसता बघत उभा. तवड्यात तू वरल्या बांधावरनं वरडलास, 'पुढनं लाव'. म्या लावला. राब झ्याक भाजला. वर बघाय आले तर तू न्हाईस. लई राग आला व्हता तुजा."

मी म्हनालो, "आये, मी समिंदरात व्हतो."

"मग वरडलं कोन?"

शिकल्यासवरल्यांनी ह्याचे सतरा तर्क सांगितले, मला एकबी पटला न्हाई. मी आपला वासापाशीच थांबतो.

आन त्या बोटीवर तर मला ह्यातलं कायबी ठाऊक नव्हतं, नुसता भाजल्या मातीचा वास ठाऊक. दुसऱ्या दिशी सकाळी पोरबंदर आलं. मानसं किनाऱ्याला न्यायला लहान पडाव बोटीला लागले, उतरनारे गाठोडी घेऊन शिडीवर गर्दी करायला लागले. मी एका खलाशाला इचारलं, "मोंबासा कुठल्या अंगाला?" त्यानं हात केला. मी त्या बाजूला तोंड करून बसलो.