भावासाठी घंटा

अमेरिकेत, पिस्कॅटवेला आमच्या अपार्टमेंटच्या खाली एक फ्रेंच म्हातारी राहायची. युद्धानंतर अमेरिकन सैनिकाशी लग्न करून आलेली, आता विधवा. तिचं गाव तिकडे फ्रान्सच्या डोंगरात, इवलंसं. तरुण पोरं शहरात गेली, शाळा बंद पडली, मग बेकरी. आम्ही पिस्कॅटवेला होतो त्या ऐंशीच्या दशकात तिच्या गावात मोजकी म्हातारी माणसं उरली होती. त्यातलाच एक तिचा भाऊ. कुणी गेलं की चर्चची घंटा संथपणे वाजवायची आणि शेतातल्या माणसांनी काम टाकून टोपी काढायची, अशी तिथली रीत. घंटा हा भाऊच वाजवायचा. रविवारी त्याचा फोन आला की बातमी एकच, कुणासाठी वाजवली. "दुसरं काही सुचतच नाही बघ त्याला," म्हणून ती चिडायची.

हिवाळ्यात एका सकाळी ती जिना चढून वर आली. भाऊ गेला होता. शेजारगावच्या पाद्र्यानं येऊन पुरलं, पण घंटा वाजलीच नाही. "सगळ्या गावासाठी यानं वाजवली," ती म्हणाली, "आणि याच्यासाठी दोर ओढायला कुणी नाही?" मग तिनं आमच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. आमच्या आरतीची घंटा तिला रोज खाली ऐकू जायची. "तेवढी वाजव ना."

मी सांगितल्यावर सासूबाई खवळल्या. "अगं बाई! देवाची घंटा मेलेल्या माणसासाठी? सुतकात आपण पूजासुद्धा करत नाही, आणि हे काय भलतंच!"

त्यांचं खोटं नव्हतं, पण मला रागच आला. "अहो आई, तिच्या गावात धड उभं राहणारं माणूस उरलं नाही. तिनं जायचं कुणाकडे?"

सासूबाईंनी म्हातारीकडे एकदा पाहिलं. मग स्वतःच उठल्या, घंटा घेतली आणि गॅलरीत जाऊन वाजवू लागल्या. आरतीच्या सवयीनं हात भराभर चालला. म्हातारीनं त्यांचं मनगट धरून वेग कमी केला. खाली पार्किंगमध्ये लोक गाड्यांवरचा बर्फ खरवडत होते. कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हातारी ढसाढसा रडली.

ती गेल्यावर सासूबाईंनी चिंचेनं घंटा घासली. साताऱ्याचं घर विकून त्या आमच्याकडे आल्या होत्या, आणि दिवसभर एकट्याच असायच्या. घासता घासता म्हणाल्या, "मी इथे गेले तर गं? तिकडे अख्खी आळी गोळा झाली असती. इथे खांदा द्यायला चौघं तरी मिळतील का?"

"काहीतरीच काय बोलता, आई," मी म्हटलं खरं. पण मनातल्या मनात ओळखीची मराठी घरं मोजायला लागले. ह्यांना धरूनही चौघं होईनात.