घोंगड्यावर रॅम बसवू नये

मागच्या वर्षी पुण्यातल्या एका कॉलेजनं माझी ऑनलाइन मुलाखत घेतली आणि पहिल्याच प्रश्नाला माझा लॅपटॉप गोठला. मी भूगोलावर अगदी मुद्द्याचं बोलत होते, पण पलीकडच्या तिघांना बराच वेळ नुसता माझा उघडा जबडा दिसत होता. ती नोकरी गेली हे सांगायला नकोच. त्यानंतर अणदूरजवळच्या आमच्या गावात कुणीही विचारलं, की मी एकच उत्तर द्यायची, लॅपटॉपनं घात केला. लोकांना ते पटायचं, आणि मलाही.

यंदा थंडीत त्याच कॉलेजनं पुन्हा ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. पस्तिशी ओलांडली तरी मी शाळेत तासिका तत्त्वावरच शिकवतेय, त्यामुळं ही जागा मला हवीच होती. शनिवारी लॅपटॉप घेऊन धाराशिवला गेले. दुकानदारानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, ह्याला आता रिटायर करा."

"आधी मला तर नोकरीला लागू द्या," मी म्हटलं.

त्याचं म्हणणं, ह्यात रॅम कमी आहे, चार कामं एकदम आली की गडी बसकण मारतो. आठ जीबीची बोटभर पट्टी त्यानं दिली, पण बसवायला दोन दिवस लॅपटॉप ठेवून जा म्हणाला. मुलाखत सोमवारी अकराला होती. आमच्या घरात अडलेल्या मेंढीचं बाळंतपण माणसं स्वतः करतात, मला काय चार स्क्रू जड होते? पट्टी पर्समध्ये टाकून मी एसटीत बसले.

रविवारी सकाळी मोबाइलवर चार-पाच व्हिडिओ पाहिले. बाकी कशावर त्यांचं एकमत नव्हतं, पण एका गोष्टीवर होतं. अंगातल्या विजेची बारीकशी ठिणगीसुद्धा पट्टीला मारते, म्हणून लोकरीच्या कापडाजवळ हे काम करू नये. हे ऐकून ओसरीत आले, तर आप्पांनी माझ्यासाठी घोंगडं अंथरून ठेवलेलं.

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म मेंढरांमागं गेला. हे घोंगडं त्यांच्या स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं. आमच्याकडं सुपारी फोडायची ती त्यावर, भांडणं मिटवायची ती त्यावर. चपला घालून त्यावर पाय ठेवणाऱ्या एका पाहुण्याला आप्पांनी चहा न देता लावून दिलं होतं.

"आप्पा, घोंगडं नको. लोकरीत करंट असतो."

"लोकरीत?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला तापच आलाय. "सत्तर वर्सं पांघरतोय म्या. मला न्हाय घावला कवा."

मग मला दाखवायला म्हणून दोन्ही तळव्यांनी घोंगडं खसाखसा घासलं, बसल्याबसल्या त्यावरून सरकले आणि जिंकल्यासारखा पाण्याच्या तांब्याला हात घातला. चट् आवाज झाला. आप्पांनी हात मागं ओढला आणि तांब्याकडं संशयानं पाहिलं.

"तांब्यातच कायतरी हाय," ते म्हणाले.

मी लॅपटॉप उचलून लाकडी पाटावर नेला. दर दोन मिनिटांनी उठून नळाला हात लावून यायची, अंगातली वीज जावी म्हणून. स्क्रू वाटीत काढले, नखांनी झाकण उचकटलं, बॅटरीची वायर सोडवली. जुन्या पट्टीशेजारी एक जागा मोकळी होती. तिथं नवी पट्टी दाबली, सगळं बंद केलं, बटण दाबलं. दिवा लागला, पडदा काळाच. पुन्हा दाबलं, पुन्हा काळाच.

"म्हटलं होतं ना घोंगडं नको म्हणून," मी ओरडले. "तुमच्यामुळं बिघडलं हे. गेली माझी नोकरी."

आप्पांनी घोंगड्याची घडी घातली, ती काखेत मारून मेंढरांच्या वाड्याकडं गेले आणि तिथं दगडावर जाऊन बसले. मला वाईट वाटलं, पण उठून जाण्याइतकं नाही. राग नाकावर असला की माझं असंच होतं.

दुपारी पुन्हा झाकण काढलं. पट्टी एका बाजूनं जराशी उचललेली होती. मी भीतभीत दाबली होती, त्यामुळं एक चाप अडकलाच नव्हता. आता दोन्ही अंगठ्यांनी रेटली. दोन्हीकडून कट् वाजलं आणि लॅपटॉप सुरू झाला.

मी वाड्याकडं गेले. "आप्पा, चालू झालं. मीच पट्टी नीट बसवली नव्हती. घोंगड्याचा काही दोष नव्हता. चुकलं माझं."

"बरं," ते म्हणाले. मग घोंगडं उचलून उठले आणि म्हणाले, "तांब्या तेवढा बदलून घे."

सोमवारी चाळीस मिनिटं मुलाखत चालली. लॅपटॉप एकदाही अडला नाही. त्या तिघांना माझा शब्दन् शब्द ऐकू गेला, आणि पंधरा दिवसांनी त्यांनी दुसऱ्याच उमेदवाराला घेतल्याचं कळवलं. ते मला फार लागलं. गेल्या वर्षी निदान लॅपटॉपवर ढकलता आलं होतं. आता सगळं नीट ऐकूनच त्यांनी मला नाही म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी चुलते आले, बरोबर गल्लीतली तिघं-चौघं. सगळे ओसरीत घोंगड्यावर बसले. चुलत्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय झालं गं पोरी, नोकरीचं?"

मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठले. तेवढ्यात आप्पाच बोलले.

"तिचं काय न्हाय. ती चांगलं बोलली. म्याच मशीनखाली हे घोंगडं हातरलं. लोकरीत करंट असतो, म्हाईत हाय का? त्यानं समदा घोळ केला बघ."

लोकरीला सत्तर वर्षांत कुणाला नाव ठेवू न दिलेला माणूस हे बोलत होता. चुलते हळूच घोंगड्यावरून उठले आणि फरशीवर जाऊन बसले.