सुमनचा अंगठा

"अहो, उठवा त्याला!"

शेवटच्या संध्याकाळीही तिने अशीच हाक मारली. सुमन गॅलरीत मेथी निवडत होती, मी आत टीव्हीपुढे. मी माझ्या फोनवरून तिला मिसकॉल मारला. तिचा फोन उजळला. तिने किती वाजले ते बघितलं आणि ओरडली, "कापा आता! एकच रिंग सांगितलीय ना?"

तिच्या फोनचं बाजूचं, स्क्रीन उजळायचं बटण मेलं होतं. मारलं तिनेच. माझी बायको सगळं अंगठ्याने दाबून बघायची. आंबा, वांगं, पाव, सोफ्याच्या दुकानातली गादीसुद्धा. लालबागचा आंबेवाला म्हणायचा, "मावशी, रस घरी काढा!" ती म्हणायची, "दाबल्याशिवाय मला खरं वाटत नाही." जन्मभर पोळ्यांचे डबे केले, अंगठ्यात जोर तेवढा. कणकेच्या हाताने फोनही तसाच दाबायची. आधी बटण आत बसलं, मग त्यात पीठ गेलं, मग संपलंच.

चिंचपोकळीचा दुरुस्तीवाला म्हणाला, "काकी, फोन आहे हा, कणकेचा गोळा नाही. ठेवून जा."

"ठेवून? आणि डब्यांच्या ऑर्डरी तू घेणार?"

आमचा प्रकाश म्हणाला, नवीन घेऊ. तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "यांचा गुडघा गेला, तेव्हा मी नवीन आणला काय?" चाळ हसली. मीपण हसलो.

मग फोन उठवायचं काम माझ्याकडे आलं. मी चौथी शिकलेला, फोनमधलं दुसरं काही येत नाही. पण हे आवडायचं. दिवसभर हाका मारायची.

त्या रात्री मेथीची भाजी खाऊन झोपली, ती सकाळी उठली नाही. डॉक्टर बघून गेला. मी सांगितलं, गावाहून तिची बहीण आल्याशिवाय उचलायचं नाही. बहिणीचा नंबर फक्त सुमनच्या फोनात. कुलूपबिलूप तिने ठेवलं नव्हतं, पण फोन काळा पडलेला. प्रकाश रडत रडत बटण दाबत होता.

"बाबा, हा चालूच होत नाय."

"तसा नाही होत. थांब."

मी माझा फोन घेतला, मिसकॉल मारला. तिच्या उशीजवळ उजेड पडला. फोन वाजायला लागला.

"झालं बाबा, कापा," प्रकाश म्हणाला.

मी कापला नाही. पुरता वाजू दिला.