पाठीवरचा ठेका

१४ मार्च १९९६ रोजी वगीहने मुलीच्या, इनासच्या, परीक्षेचे ८५ पाऊंड भरले. इजिप्तमधल्या लुक्सरच्या पर्यटक-मार्गदर्शकांची ती इंग्रजीची तोंडी परीक्षा. खाटकाच्या मुलीच्या लग्नात दरबुका, म्हणजे मांडीवरचा ढोल, वाजवायची बिदागी त्याने त्यासाठी आगाऊ उचलली होती. पोर नापास झाली तर पुन्हा एवढे पैसे उभे राहणार नव्हते.

इनासला अर्थ सगळे पाठ होते. लांब शब्द आला की मात्र ती घाबरून त्यावरून पळत सुटायची आणि जोर भलतीकडेच पडायचा. वगीहला इंग्रजीचे अक्षरही येत नव्हते, पण शिकवणीच्या बाईंची टेप ऐकून ऐकून कानात बसली होती. त्याने दरबुका मांडीवर घेतली.

"तुकडे कर त्याचे. आर्-कि-अ-लॉ-जि-कल. तक तक तक दुम तक तक. दुम पडेल तिथे जोर."

तेवढ्यात दार वाजले. वरच्या मजल्यावरची उम्म सलामा काळ्या कपड्यांत उभी होती.

"माझ्या नवऱ्याच्या कबरीची माती अजून ओली आहे, वगीह. आणि तुझ्याकडे वरात?"

"चुकलं, उम्म सलामा. दुखवट्याचा चाळिसावा दिवस होईपर्यंत दरबुकेला हात लावणार नाही."

परीक्षा तर चाळिसाव्याच्या आधीच होती. वगीहचे हात शिवशिवत राहिले. झोप लागेना, जेवण जाईना. शेवटी इनासला पाठमोरी बसवून तो तिच्या पाठीवरच ठेका धरू लागला. तकला बोट, दुमला तळवा.

"बाबा, हळू! मी काय कातडं आहे?"

"कातडं बरं, ते उलट बोलत नाही. मेडिटरेनियन म्हण."

"मे-डि-ट-रे-नि-अन. अगंबाई, हा तर आधीच्याचाच भाऊ!"

परीक्षेच्या दिवशी वगीह बाहेर येरझारा घालत होता.

"उस्ताद, बसा की," शिपाई म्हणाला. "फरशी झिजली तर माझ्या पगारातून कापतील."

तो बसला, लगेच उठला. अर्ध्या उघड्या दारातून इनासची पाठ दिसत होती. आत शब्द अडकला. "आर्-कि..." पुढे काहीच नाही. वगीहचा तळवा भिंतीकडे गेला. त्याने मूठ आवळून तो मागे घेतला. इनासची पाठ ताठ झाली. खांदा तीनदा किंचित हलला, चौथ्यांदा जोरात. शब्द सबंध बाहेर आला.

यादीत तिचे नाव लागले. गल्लीतल्या बायका जिभा हलवत आनंदाची आरोळी ठोकणार, तोच वगीहने ओठांवर बोट ठेवून वरचा मजला दाखवला. घरात येऊन त्याने पोरीच्या पाठीवर एकच दुम दिला.

आगाऊ बिदागी घेतलेले खाटकाच्या मुलीचे लग्न चाळिसाव्यानंतर अजून वाजवायचे होते.